रविवारच्या आधी बदललेला बॉक्स

राहायला मी पेणला, आणि दुकान रोह्यात. टीव्ही दुरुस्ती आणि सेट-टॉप बॉक्स. मोटरसायकलवरून रोजची ये-जा करून कंबर गेली, पण दुकान हलवलं नाही. रोह्यापासून नागोठण्यापर्यंतच्या निम्म्या घरांवरची डिशची छत्री माझ्या हातची आहे, असं मी अनेक वर्षं सांगत आलो. आता लोक मोबाईलवर बघतात, भिंतीतून आलेल्या वायरवर बघतात, तरी ते वाक्य अजून तोंडात येतं.

या धंद्याबद्दल लिहा म्हटल्यावर आधी वाटलं, पुराचं लिहावं. अंबा नदीचं पाणी नागोठण्यात शिरलं की पुढचे पंधरा दिवस माझ्या दुकानात चिखलानं भरलेले टीव्ही रांगेत यायचे, आणि ते धुऊन, उन्हात वाळवून मी त्यांतले कितीतरी चालू केलेत. कौलांवरून घसरलो ते लिहावं. पण खरं सांगू का, या धंद्यात मला पुरानं छळलं नाही, कौलांनी छळलं नाही. छळलं ते संगीतानं. आणि तिनं काहीच केलं नव्हतं.

संगीता निडीची. चाळिशीची असेल. तिचा नवरा कंपनीत कंत्राटी कामावर होता आणि सुट्टीच्या दिवशी डिश बसवायची कामं करायचा. त्याची पाठ कायमची धरली, तेव्हा हिनं त्याची हत्यारांची पिशवी खांद्याला लावली आणि माझ्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे एक गाळा घेतला. मोबाईलचं रिचार्ज, रिमोट, सेट-टॉप बॉक्स. पहिल्या दिवशी ती मला पेढे द्यायला आली. ‘दत्ताभाऊ, काय अडलं तर विचारीन हां,’ म्हणाली. मी म्हटलं, ‘विचार की.’ मनात म्हटलं, सहा महिने. पावसाळ्यात पत्र्यावर चढायची वेळ आली की आपोआप शटर खाली.

शटर खाली आलं नाही. पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला बांधून ती शिडी चढायची. आणि माझी गिऱ्हाइकं एकेक करून रस्ता ओलांडू लागली.

कारण साधं होतं, पण ते कळायला मला फार वेळ लागला. आमच्याकडे घरातले पुरुष कंपनीच्या शिफ्टला किंवा शेतावर. टीव्ही बिघडतो दुपारी. घरात बाई एकटी. माझ्यासारखा माणूस आला की ती शेजारणीला हाक मारणार, दार उघडं ठेवणार, स्वतः ओट्याजवळ उभी राहणार. संगीता गेली की तिला सरळ आत बोलवायच्या, चहा टाकायच्या, आणि मग टीव्हीसकट घरातलं सगळं सांगायच्या.

दुसरं कारण जास्त लागणारं होतं. बॉक्स निवडताना मी माणसाला विचारायचो, टीव्ही कुठला, मागे खाचा किती, एचडी पाहिजे की साधा, रेकॉर्डिंगचा पाहिजे का. बरोबर तेच विचारायचं असतं. ती विचारायची, ‘दुपारी घरात कोण असतं?’ एवढंच. मला हसू यायचं. मग हमरापूरच्या एका गणपतीच्या कारखान्याचं काम आलं. त्यांना शेडमध्ये टीव्ही लावायचा होता. मी त्यांना सांगितलं होतं, रेकॉर्डिंगवाला घ्या, मोठ्ठा, दिवसा काम करा आणि सावकाश सगळं बघा. ती गेली आणि म्हणाली, ‘रंगाचा हात चालू असताना तुम्ही मान वर कुठं करणार? तुम्ही तर ऐकता. साधा बॉक्स घ्या आणि चांगला स्पीकर लावा.’ त्यांनी तेच केलं. पुढच्या वर्षी त्यांच्या चार नातेवाइकांनी तेच केलं. सगळे तिच्याकडून.

मी काय केलं? मी तिनं बसवलेल्या डिशी बघायला जाऊ लागलो. रोह्याच्या आळ्यांमधून गाडी हळू करायची आणि मान वर. कुठं तरी ढिला नट दिसावा, छत्रीचं तोंड जरा तरी चुकलेलं असावं. आपल्याकडे छत्री आग्नेयेकडे बघते. बोटभर हललं तरी पावसात चित्राचे तुकडे होतात. तिची एकही हललेली दिसली नाही. उलट एक गोष्ट दिसली. वायर भिंतीतून आत जाण्याआधी ती खाली एक झोळ सोडायची, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळावरून खाली टपकेल, घरात जाणार नाही. तीस वर्षांत मी ते कधी केलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मीपण झोळ सोडू लागलो. कोणी विचारलं तर म्हणायचो, जुनी पद्धत आहे.

बायको एकदा जेवताना म्हणाली, ‘तुमचं काय घेतलंय तिनं? रोज तिचंच.’ मी म्हटलं, ‘मी कुठं काय बोललो?’ ती म्हणाली, ‘बोलत नाही, म्हणून तर कळतंय.’

आता मुख्य गोष्ट.

निडीच्या पुढे आत एका गावात गणपतआप्पा नावाचे शेतकरी राहतात. भात आणि वाल. त्यांच्याकडे रेकॉर्डिंगवाला बॉक्स मीच बसवला होता, हौसेनं. या बॉक्सच्या पोटात एक डिस्क असते. लाल बटण दाबलं की चालू असलेला कार्यक्रम त्यात साठतो. पण त्याची एक खोड आहे, आणि ती मी गिऱ्हाइकाला फारशी सांगत नसे. त्यात साठवलेलं त्याच बॉक्सवर आणि त्यात घातलेल्या कंपनीच्या त्याच कार्डावर दिसतं. दुसरीकडे काढता येत नाही. बॉक्स गेला की साठवलेलंही गेलं.

आप्पांच्या शेतावर एकदा टीव्हीवाले येऊन गेले होते. भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर वाल कसा घेतात, यावर शेतीच्या कार्यक्रमात आप्पा सात-आठ मिनिटं बोलले. त्यांच्या मुलानं, नितीननं, लाल बटण दाबून ते साठवून ठेवलं. पुढे दोन वर्षांनी आप्पांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. हे सगळं मला माहीत होतं, म्हणजे तुकड्यातुकड्यानं माहीत होतं. टीव्हीवर आले होते हे माहीत. वाचा गेली हे माहीत. दोन्ही एकत्र करायचं मला सुचलं नाही.

माघाचे दिवस होते. गुरुवारी नितीनचा फोन आला. तो नागोठण्याच्या कंपनीत शिफ्टला. ‘काका, बॉक्स अडकतोय. रिमोट घेत नाय. नवा टाका.’ मी म्हटलं, उद्या येतो. मग तो म्हणाला, ‘आईनं त्या संगीताताईला पण बोलावलं होतं. ती काय तरी बोलली, नका बदलू म्हणून. तुम्ही बघा काय ते.’

तिथंच माझं डोकं फिरलं. माझा बसवलेला बॉक्स, माझं गिऱ्हाईक, आणि ती सांगणार बदलू नका.

शुक्रवारी सकाळी पोचलो. यमुनाकाकी, आप्पांची बायको, ओटीवर वाल निवडत बसल्या होत्या. आप्पा आत खाटेवर, उशीला टेकून. मी बॉक्सला हात घातला तशा काकी उठून आल्या.

‘दत्ता, त्या बाई बोलल्यात, हात लावू नका म्हनून. रविवारी येतेय ती.’

‘कशाला रविवारी?’

‘मला काय ठावं. मोबाईलवर काय काढून घेतेय म्हनाली.’

‘काकी, तिला काय कळतंय? हा बॉक्स मी लावलाय. डिस्क खराब झालीय, आज ना उद्या बंदच पडणार.’

‘बंद पडंल काय रे?’

‘पडणारच.’

‘मग तू बोलशील तसा,’ काकी म्हणाल्या. तरी हात पुढे करून तिथंच उभ्या राहिल्या. बॉक्सच्या कपाळावर दसऱ्याला लावलेलं कुंकवाचं बोट अजून होतं.

मी विचारायला हवं होतं, काकी, यात काय आहे? एवढंच. दुपारी घरात कोण असतं, एवढ्या सोप्या प्रश्नासारखाच प्रश्न होता तो. मी नाही विचारला. कारण मला त्या घरात नवा बॉक्स रविवारच्या आधी चालू झालेला हवा होता. ती पिशवी घेऊन येईल, आणि काकी म्हणतील, दत्तानं केलं पन. तिचं तोंड कसं होईल हे मी काम करता करता बघत होतो.

जुना द्या, नवा न्या अशी कंपनीची योजना होती. नवा जोडला, चित्र लख्ख आलं. आप्पांनी डावा हात वर करून खुणेनं काही विचारलं. मला वाटलं, शाबासकी देताहेत. मी म्हटलं, ‘आप्पा, एकदम क्लिअर!’ संध्याकाळी पेणला घरी जाताना जुना बॉक्स वितरकाच्या गोदामात टाकला आणि जेवून स्वस्थ झोपलो.

शनिवारी दुकान उघडलं आणि फोन वाजला. काकी. गावातल्या कोणाच्या तरी मोबाईलवरून.

‘दत्ता, यांचा आवाज कुठं गेला रे?’

‘कोणाचा, काकी?’

‘यांचा. आप्पांचा. मी रोज दुपारी लावते. शेजारची पोरगी लावून देते. यात नायच तो.’

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

‘तू काय तरी दाबून दे ना. येईल ना तो?’

मी म्हटलं, बघतो. फोन ठेवला. काउंटरवर हात ठेवून उभा राहिलो. आप्पांनी डावा हात वर करून काय विचारलं होतं ते आता कळलं.

गोदामातला माल आठवड्यातून दोनदा पुढे पनवेलकडे जातो. तिथं डिस्का पुसतात आणि बॉक्स नवे करून पाठवतात. एकदा गेला की गेला. शिवाय बॉक्स मिळाला तरी तो आता बंद केलेला. त्याचं कार्ड पुन्हा जिवंत केल्याशिवाय साठवलेलं उघडणार नाही. कंपनीच्या ग्राहक केंद्राशी बोलून हे करून घेणं मला कधीच जमलं नाही. दोन वाक्यांत माझा आवाज चढतो आणि ते फोन ठेवतात. रोह्यात ते एकाच माणसाला जमायचं.

रस्ता ओलांडायला मला अर्धा तास लागला असेल. तिथं वीस पावलांचा रस्ता आहे.

संगीता एका म्हाताऱ्याचं रिचार्ज करत होती. तो जाईपर्यंत मी थांबलो. मग सांगितलं. सगळं सांगितलं, काकी हात लावू नका म्हणाल्या तेसुद्धा.

तिनं रिचार्जची वही मिटली. मग म्हणाली, ‘मी काकींना सांगितलं होतं, भाऊ. रविवारी माझा दुसरा मोबाईल घेऊन येते, टीव्हीसमोर धरून उतरवून घेते. माझ्या या मोबाईलचा आवाज नीट येत नाय म्हणून थांबले होते.’

‘काकींनी सांगितलं मला.’

‘मग?’

‘मला तुझा राग येतो,’ मी म्हणालो. असं कधी कोणाला म्हटलं नव्हतं. ‘तू आल्यापासून येतो. तू काही केलं नाहीस. तरी येतो.’

‘माहीत हाय मला,’ ती म्हणाली. ‘तुम्ही माझ्या डिशी बघत फिरता ते पण माहीत हाय. बायका सांगतात. काल दत्ताशेठ येऊन वर बघून गेले म्हणून.’

मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं, असं झालं. तिनं मात्र तोवर फोन हातात घेतला होता. ‘जुन्या बॉक्सचा नंबर आहे ना पावतीवर? तो द्या. मी कार्डाचं बघते. तुम्ही पेणला जा. आत्ता.’

मी गेलो. नागोठण्यापर्यंत रस्ता कसा संपला कळलं नाही. पेणच्या गोदामात पोचलो तेव्हा टेम्पो दाराशी लागलेला, आणि खोकी आत चढत होती. मी गोदामाच्या माणसाला म्हटलं, माझा एक बॉक्स परत पाहिजे. तो म्हणाला, ‘शेठ, यात चारशे असतील. कुठला तुमचा?’ मी टेम्पोत चढलो. एकेक खोका उघडला. सगळे बॉक्स सारखे काळे, धुळीचे, जळमटांचे. नंबर वाचायला चष्मा लागायचा आणि घामानं चष्मा घसरायचा. टेम्पोवाला शिव्या देत होता. सहाव्या की सातव्या खोक्यात एकाच्या कपाळावर कुंकू दिसलं. नंबर बघायच्या आधीच मी तो छातीशी धरला.

रविवारी आम्ही दोघं काकींच्या घरी गेलो. ती निडीहून तिच्या स्कूटीवर, मी माझ्या गाडीवर. तिनं तोपर्यंत ग्राहक केंद्रात तीन वेगवेगळ्या माणसांशी बोलून कार्ड चालू करून घेतलं होतं. ‘बहात्तर तासांसाठी दिलंय,’ म्हणाली. मी बॉक्स जोडला. वायर तिनं घट्ट केली. मी बघत राहिलो.

बॉक्स सुरू झाला, अडकला. पुन्हा केला, पुन्हा अडकला. डिस्कमधून किर्र असा आवाज येत होता. या धंद्यात तो आवाज ओळखू येतो, शेवटचा असतो. मी म्हटलं, ‘आता सारखं बंद-चालू नको. थंड होऊ दे.’ मी तो उचलून दारातल्या वाऱ्याला धरला, पाठीमागची झाकणं काढून फुंकर घातली. एवढं तरी मला तिच्यापेक्षा जास्त येत होतं. अर्ध्या तासानं पुन्हा जोडला. संगीता मोबाईल दोन्ही हातांत धरून टीव्हीसमोर गुडघ्यावर बसली. घरातला पंखा बंद केला. बाहेर कोंबड्या होत्या त्या नितीननं हाकलल्या.

यादी उघडली. एकच कार्यक्रम होता.

पडद्यावर आप्पा आले. पांढरी टोपी, पायाखाली भाताची खुंटं. आधी ते पाठ केल्यासारखं बोलत होते, ‘आमच्या भागामध्ये कडवा वाल घेतला जातो.’ मग मुलाखत घेणाऱ्यानं काही विचारलं आणि ते विसरले की समोर कॅमेरा आहे. ‘नाय ओ, वालाला पानी नको. वालाला दव पायजे. पानी घातलंत की फुकट.’ मग मान मागे वळवून जोरात हाक मारली, ‘यमुने, ती टोपली आन गो इकडं! लवकर आन!’

‘आनते,’ काकी म्हणाल्या. खऱ्या काकी, माझ्या बाजूला बसलेल्या. अगदी साध्या आवाजात, कामात असताना माणूस म्हणतो तसं. रोज दुपारी त्या हेच म्हणत असणार.

खाटेवरचे आप्पा पडद्यावरच्या आप्पांकडे बघत होते. त्यांचे ओठ हलत होते.

टोपलीतला वाल हातात घेऊन पडद्यावरचे आप्पा पुढे काही सांगणार, तेवढ्यात चित्र थांबलं. किर्र बंद झालं. मग बॉक्सवरचा दिवाच गेला. तो पुन्हा कधी लागला नाही.

संगीतानं मोबाईल खाली घेतला. ‘आलं,’ ती म्हणाली. ‘टोपलीपर्यंत आलं. आवाज स्वच्छ आलाय.’ शेवटची दोन मिनिटं गेली होती. वाल कसा राखायचा, कीड कशी ओळखायची, ते त्या दोन मिनिटांत होतं. ते माझ्यामुळे गेलं असं मी म्हणत नाही. डिस्क मरणारच होती. पण शुक्रवारी ती कदाचित पूर्ण चालली असती. दोनदा गाडीवर हिंदकळली, टेम्पोत आदळली, ते माझं काम.

आप्पांनी डावा हात पुढे केला. संगीता जवळ गेली. त्यांनी तो हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि बराच वेळ ठेवला. ती म्हणाली, ‘आप्पा, बॉक्स दत्ताभाऊंनी शोधून आणला. अख्खा टेम्पो उपसला.’ आप्पांनी माझ्याकडे बघितलं, मान हलवली. हात मात्र तिथंच राहिला.

खोटं कशाला बोलू? मला तेव्हासुद्धा जळलं. इतकं सगळं झाल्यावर, माझ्या चुकीवर तिनं पांघरूण घातल्यावर, तिथं भिंतीला टेकून उभ्या उभ्या मला वाटलं, टेम्पोत मी चढलो होतो.

पुढे काकींनी त्या घरातलं टीव्हीचं प्रत्येक काम तिलाच सांगितलं. बरोबरच होतं. मीही एक बदल केला: जुना बॉक्स उचलण्याआधी घरातल्या माणसाला विचारतो, यात तुमचं काही आहे का? पुष्कळ घरांत असतं. कोणाच्या नातवाचा शाळेचा कार्यक्रम, कोणाच्या गावाची बातमी. मग मी त्यांना समोर पाठवतो, संगीताकडे, मोबाईलवर उतरवून घ्यायला. पाठवताना दरवेळी अजून जरासं जळतं. त्याची आता सवय झाली आहे.

महिन्याभरानं, वाल झोडपून झाल्यावर, काकी एसटीनं रोह्याला आल्या. दुकानात शिरल्या आणि काउंटरवर वालानं भरलेल्या कापडाच्या दोन पिशव्या ठेवल्या, तोंड सुतळीनं बांधलेल्या.

‘ही तुझी. आनि ही त्या बाईंची. दुकान बंद दिसलं तिचं. तूच दे.’

चहा घेऊन त्या गेल्या. त्यांची गाडी सुटल्यावर मी दोन्ही पिशव्या दोन हातांत धरून पाहिल्या. मग हात बदलून पुन्हा पाहिल्या. तिची जड होती. दोन्ही पिशव्या एकाच कापडाच्या, एकाच सुतळीच्या. कोणाला काय कळणार होतं?

तासाभरानं समोरचं शटर वर गेलं. मी जड पिशवी घेऊन रस्ता ओलांडला.

‘काकींनी दिलेत,’ मी म्हणालो.

‘तुम्हाला दिले ना?’

‘दिले.’ मी वळलो होतो, पण थांबलो. ‘तुझे जास्त आहेत.’

संगीतानं पिशवी उचलून अंदाज घेतला. मला वाटलं, आता म्हणेल, घ्या यातले थोडे. ती तसं काही म्हणाली नाही. ‘व्हय, चांगले हायत,’ म्हणाली, आणि पिशवी काउंटरच्या खाली ठेवून दिली.

ते मला बरं वाटलं.